तहात मिळालेली वाट

मागील पावसाळ्यात एका खेड्यातील मंडळीत रात्रीचा शास्त्रपाठ चालला होता. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचून झाला. अहाब राजाने अफेक गावी अरामी सैन्याचा मोड केला. त्यांचा राजा बेन-हदाद आतल्या खोलीत दडून बसला. त्याचे सेवक कमरेस गोणपाट व डोकीस दोर गुंडाळून शरण आले. अहाबाने बेन-हदादास भाऊ म्हटले, आपल्या रथात वर घेतले, आणि तेथेच तह ठरला. त्याची कलमे दोन. माझ्या बापाने तुझ्या बापाची घेतलेली नगरे मी परत देतो, हे पहिले. आणि माझ्या बापाने शोमरोनात जशा पेठा वसविल्या तशा तू दिमिष्कात वसव, हे दुसरे.

वाचन संपल्यावर एक वयोवृद्ध बंधू बोलले. त्यांनी पुष्कळ वर्षे उपदेशकाचे काम केले असून आता ते घरची शेती पाहतात. ते म्हणाले, "पाळकसाहेब, नगरे त्याचीच होती, ती त्याने घेतली, हे समजले. पण दिमिष्कातली पेठ त्याची कधी होती? ती घ्यायचा त्याला हक्क कुठला?"

त्या रात्री आम्ही उत्तर दिले की, राजेलोकांची रीतच तशी. बंधू गप्प राहिले. ते समाधानाने गप्प राहिले नव्हते, पाळकाचा मान राखावा म्हणून गप्प राहिले होते, हे आम्हांस कंदिलाच्या उजेडातही दिसले. तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

संदेष्ट्याने अहाबास दोष लावला खरा. पण तो बेन-हदादास सोडून दिल्याबद्दल. पेठांविषयी तो काही बोलत नाही, आणि शास्त्र जेथे बोलत नाही तेथे आपल्या पदरचे बोल त्यात घालणे आम्हांस बरे वाटत नाही. तथापि पुढे काय घडले ते त्याच पुस्तकात आहे. तीन वर्षे लढाई झाली नाही. नंतर अहाब म्हणू लागला की, रामोथ-गिलाद आमचे असून ते अरामी राजाच्या हातात आहे. म्हणजे जे परत द्यावयाचे ते सगळे परत आलेच नव्हते. त्या गावासाठी तो पुन्हा लढावयास गेला आणि बाण लागून रथातच मेला. ज्या रथात तह झाला तोच हा रथ होता की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.

ह्या प्रश्नाचे अलीकडच्या काळातील मोठे उदाहरण पाहावयाचे असल्यास चीन देशाकडे वळले पाहिजे. तिकडे वळण्याचे कारण असे की, तेथील तहाच्या कागदास आमच्या देशाचा आणि आमच्या सुवार्ताकार्याचा, दोहोंचाही हात लागलेला आहे.

इंग्रज व्यापारी चीनमधून चहा नेत. चीनला इंग्रजी माल फारसा नको असे, म्हणून चहासाठी रुपे मोजावे लागे. हा तोटा भरून काढावयास त्यांना अफू सापडली, व ती पिके हिंदुस्थानात. बिहार व काशीकडील अफू कंपनी सरकार स्वतः तयार करवून कलकत्त्यास लिलावाने विकीत असे. माळव्याची, म्हणजे बहुतांशी शिंदे-होळकरांच्या मुलखातील, अफू मुंबई बंदराने जाई आणि तीवर कंपनी पासाचा कर घेई. चीनच्या बादशहाने अफूस बंदी केलेली होती. म्हणून कंपनी ती आपल्या जहाजांतून नेत नसे. खाजगी व्यापारी विकत घेऊन चोरून उतरवीत. पैसा तिजोरीत यावा आणि हात मात्र धुतलेले दिसावेत, अशी ही व्यवस्था होती. पिलातालाही एवढी सोय नव्हती.

१८३९ साली बादशहाने लिन त्से-शू नावाचा निःस्पृह अधिकारी क्यांटन येथे पाठविला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली आणि हूमेन गावी खड्ड्यांत पाणी, मीठ व चुना घालून तीत ती विरवून समुद्रात सोडून दिली. हे काम तीन आठवडे चालले होते. ह्यावरून युद्ध पेटले. इंग्लंडच्या पार्लमेंटात १८४० च्या एप्रिलात सरकारच्या ह्या धोरणावर निषेधाचा ठराव आला. तरुण ग्लॅडस्टन त्यात कळकळीने युद्धाविरुद्ध बोलले. ठराव फक्त नऊ मतांनी पडला. नऊ माणसे बाजू बदलती तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. पण तसे झाले नाही. लढाईवर गेलेल्या फौजेत मद्रासच्या व बंगालच्या पलटणींचे हिंदी शिपाई होते. १८४२ च्या जुलैत चिनक्यांग शहर पडले तेव्हा अनेक मांचू कुटुंबांतील पुरुषांनी बायकामुलांस मारून स्वतःचाही प्राण घेतला.

त्यानंतर महिन्याभराने, २९ ऑगस्ट १८४२ रोजी, नानकिंग शहराखाली यांगत्से नदीत उभ्या असलेल्या 'कॉर्नवॉलिस' नावाच्या लढाऊ जहाजावर तहावर सह्या झाल्या. हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज कोठले होते? मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी ह्यांनी सागवानी लाकडाचे बांधून १८१३ साली पाण्यात सोडलेले. ज्या देशाची अफू त्याच देशाचे लाकूड, आणि त्यावर बसून दुसऱ्या देशाचे भवितव्य लिहिले गेले. आम्ही हे कोणास दोष द्यावा म्हणून सांगत नाही. गोदीतल्या सुताराला आपण तासतो त्या फळीवर पुढे काय लिहिले जाणार हे कसे कळावे? परंतु परक्याच्या पापाची गोष्ट सांगतो आहो असे समजून कोणी वाचक सैल बसला असेल, तर त्याने नीट बसावे.

तहाची कलमे तेरा होती. हाँगकाँग बेट इंग्लंडच्या राणीस कायमचे मिळाले. क्यांटन, अमॉय, फूचौ, निंगपो व शांघाय ही पाच बंदरे इंग्रजी व्यापारास व वस्तीस खुली झाली. चीनने दोन कोटी दहा लक्ष डॉलर द्यावयाचे ठरले: साठ लक्ष नष्ट केलेल्या अफूबद्दल, तीस लक्ष चिनी व्यापाऱ्यांकडील बुडीत कर्जाबद्दल आणि एक कोटी वीस लक्ष लढाईच्या खर्चाबद्दल. ही रक्कम फिटेपर्यंत व बंदरे उघडेपर्यंत चुसान व कुलांगसू ही बेटे इंग्रजांच्या ताब्यात गहाण राहावयाची होती. गहाण शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

पहिले साठ लक्ष कशाचे, हे पाहावे. गावात दारूची भट्टी लावणाऱ्याने, भट्टी फोडणाऱ्या पाटलाच्या घरावर माणसे नेऊन मडक्यांची किंमत वसूल करावी, तसे हे झाले; आणि पाटलाला काठीने मारले त्या काठीचे पैसेही पाटलाकडूनच घेतले. मौज ही की, भरपाईवाचून अफूची गोष्ट तहात कोठेच नाही. बंदी होती तशीच राहिली, चोरटा व्यापारही होता तसाच राहिला, आणि वाढला.

न्यायाने बोलावयाचे तर सगळी कलमे वाईट नव्हती. दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार करावा, जकात ठरलेली व उघड असावी, दोन्हीकडचे कैदी सुटावेत, शत्रूस मदत केली म्हणून कोणा चिनी मनुष्यास शिक्षा होऊ नये, ह्यांत अन्याय तो काय? ठराविक व्यापाऱ्यांचाच मक्ता असे तो मोडला, हेही पुष्कळ चिनी दुकानदारांस नकोसे नसेल. वाईट तहात चांगली कलमे असतात. त्यामुळेच वाईट कलमे पचतात. दुसऱ्या वर्षी पुरवणी तह झाला. त्याने इंग्रज अपराध्यांचा न्याय इंग्रज वकिलानेच करावा असे ठरले. आणि चीन दुसऱ्या कोणत्याही राज्यास पुढे जी सवलत देईल ती इंग्लंडलाही आपोआप मिळावी, असेही ठरले. ह्या शेवटच्या कलमाने फार घात केला. कारण मग फ्रान्स, अमेरिका, रशिया, ज्याला जे मिळे ते सर्वांस मिळे. एक दार मोडले की सगळी रांग आत येई.

आता मूळ प्रश्न. तोफेपुढे दिलेले वचन, वचन होते काय?

होत नाही, असे पटकन म्हणावेसे वाटते. आपल्याकडे पुरंदरचा तह शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे. १६६५ साली शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगास तेवीस किल्ले देऊ केले, आणि १६७० पासून ते परत घ्यावयास आरंभ केला. महाराजांनी वचन मोडले असे म्हणणारा मराठी मनुष्य आम्हांस अद्याप भेटला नाही. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहावी. बळाखाली केलेला प्रत्येक तह फोल ठरला तर लढाई कधी संपावी? हरणारा नेहमी बळाखालीच सही करतो. त्याच्या सहीला काही किंमत नाही असे जिंकणाऱ्यास कळले तर तो सही मागणार नाही, शेवटचा मनुष्य मरेपर्यंत मारीत राहील. म्हणून वाईट तहदेखील रक्तपात थांबवितो तेवढ्यापुरता मान्य करावा लागतो. हा युक्तिवाद हलका नाही. आम्ही त्यावर पुष्कळ दिवस विचार केला आहे.

गिबोनी लोकांची कथा येथे उपयोगी पडते. त्यांनी शिळ्या भाकरी व फाटके जोडे दाखवून यहोशवास फसविले व त्याच्याकडून तह करून घेतला. तीन दिवसांनी कपट उघडकीस आले. तरी यहोशवाने शपथ मोडली नाही. पुढे कित्येक पिढ्यांनी शौलाने ती मोडली, आणि त्यापायी नंतर देशात तीन वर्षे दुष्काळ पडला. येथे शपथेने कोण बांधला गेला, ते पाहावे. बळवंत इस्राएल बांधला गेला, आणि रक्षण झाले ते दुबळ्या गिबोन्यांचे. शपथ पाळा हा उपदेश शास्त्र आधी बळवंताच्या कानात सांगते. आम्ही मात्र तो दुबळ्याच्या कानात मोठ्याने सांगतो आणि बळवंतापुढे हळू बोलतो.

मग बळवंताने मागावे तरी किती? आम्हांस एक खूण सापडली आहे, तीच त्या वृद्ध बंधूच्या प्रश्नात होती. जे माझे गेले ते मागणे एक. आणि तो आता नाही म्हणू शकत नाही, एवढ्याच कारणाने मागणे निराळे. अहाबाची नगरे पहिल्या जातीची, दिमिष्कातली पेठ दुसऱ्या जातीची. लढाई झाली नसती तर हे मागावयास आपले तोंड उघडले असते का, असे स्वतःस विचारले म्हणजे कलमे आपोआप दोन ढिगांत पडतात. हाँगकाँग कोणत्या ढिगात पडते, हे सांगावयास नको.

येथपर्यंत राजांची गोष्ट झाली. पण आम्हांस अधिक टोचते ती तिसऱ्याची गोष्ट. ज्याने तोफ डागली नाही, ज्याने सहीही केली नाही, परंतु तहाने उघडलेल्या दारातून जो आत गेला, त्याचे काय?

असे आत जाणारे आमचेच लोक होते. नानकिंगच्या तहात इंग्रजांचे जे दुभाषी होते त्यांपैकी एक कार्ल ग्युत्स्लाफ हे मिशनरी. त्यांनी त्यापूर्वी, १८३२ च्या सुमारास, अफू उतरविणाऱ्या जहाजावर दुभाष्याचे काम पत्करून किनाऱ्याकिनाऱ्याने ख्रिस्ती पुस्तिका वाटल्या होत्या. दुसरे दुभाषी जॉन रॉबर्ट मॉरिसन, चीनमधील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी रॉबर्ट मॉरिसन ह्यांचे चिरंजीव. १८४४ साली अमेरिकेने तह केला तेव्हा डॉक्टर पीटर पार्कर व एलिजा ब्रिजमन हे मिशनरी मदतीस होते, आणि त्या तहात खुल्या बंदरांत इस्पितळे, प्रार्थनामंदिरे व दफनभूमी ह्यांसाठी जागा घेण्याची सवलत आली. १८५८ च्या तिएनत्सिनच्या तहांत ख्रिस्ती धर्म शिकविण्यास व पाळण्यास मोकळीक मिळाली. अमेरिकेच्या तहात ते कलम यावे म्हणून सॅम्युएल वेल्स विल्यम्स ह्या मिशनरी मुद्रकाने फार खटपट केली.

हे लोक दुष्ट होते काय? मुळीच नाही. पार्कर ह्यांनी क्यांटनमध्ये हजारो नेत्ररोग्यांवर उपचार केले. मॉरिसन घराण्याने चिनी भाषेच्या अभ्यासात आयुष्ये झिजविली. कोट्यवधी लोकांनी तारणाऱ्याचे नाव ऐकिले नाही, ह्या विचाराने त्यांस झोप येत नसे. दार उघडलेले दिसले आणि त्यांनी म्हटले, हे देवाने उघडले. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच म्हटले असते, अशी आम्हांस भीती वाटते.

परंतु १८५८ साली आणखी एक गोष्ट घडली. त्याच तहाच्या पाठोपाठ नोव्हेंबरात शांघाय येथे जकातीचा करार झाला आणि तीत अफूवर दर बसवून तिचा व्यापार कायदेशीर करण्यात आला. एकाच वर्षी, एकाच पराभवापोटी, अफूस मोकळीक आणि सुवार्तेस मोकळीक. खेड्यातल्या चिनी मनुष्याने ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या कशा ओळखाव्या? दोन्ही त्याच्या दारी एकाच जहाजातून उतरल्या. दोन वर्षांनी फौजा पेकिंगवर गेल्या, बादशहाचा उन्हाळी राजवाडा जाळला, कौलून घेतले. त्या वेळच्या फ्रेंच कराराच्या चिनी प्रतीत, मिशनऱ्यांनी सर्व प्रांतांत जमिनी घ्याव्या असे एक वाक्य आले, जे फ्रेंच प्रतीत नव्हतेच. दुभाष्याचे काम करणाऱ्या एका पाद्रीने ते घातले असे मानले जाते. सुवार्तेसाठी कागदात चोरून वाक्य घालावे! आणि त्या वाक्यावर मंदिरे उभी राहिली.

इतर फळेही आली. आपले मनुष्य कचेरीत गेले म्हणजे परदेशी पाद्रीची चिठ्ठी बरोबर असे, आणि चिठ्ठीमागे वकील, वकिलामागे तोफ. मग खटलेवाले लोक मंडळीत येऊ लागले. ज्यांना तारण हवे होते तेही आले, पण त्यांना ह्यांच्यातून निवडणे कठीण झाले. शेजाऱ्यांच्या मनात राग साचत गेला. १९०० साली बॉक्सरांचा उठाव झाला तेव्हा परदेशी मिशनरी मारले गेले. परंतु त्यांच्याहून किती तरी अधिक, हजारोंनी, चिनी ख्रिस्ती मारले गेले. तहावर सही करणारे तोपर्यंत केव्हाच आपापल्या देशी जाऊन वारले होते. कलमाची किंमत खेड्यातल्या मंडळ्यांनी भरली.

पुन्हा तह झाला, १९०१ साली. दंड पंचेचाळीस कोटी ताएल रुपे. ताएल म्हणजे आपले सुमारे सव्वातीन तोळे. व्याजासह तो एकोणचाळीस वर्षांत फेडावयाचा. ह्यातून मिशनांनाही भरपाई मिळणार होती. येथे आमच्या मते ह्या सगळ्या कथेतील अत्यंत विचारणीय गोष्ट घडली. हडसन टेलर ह्यांच्या चायना इन्लँड मिशनची सर्वांत अधिक हानी झाली होती. त्यांचे अठ्ठावन्न मिशनरी व एकवीस मुले मारली गेली होती. त्या मिशनने भरपाई मागितली नाही, आणि देऊ केली असताही घेतली नाही. ना घरांची, ना माणसांची. घेणे कायदेशीर होते. इतरांनी घेतले. टिमथी रिचर्ड ह्या दुसऱ्या मिशनरींनी शान्सी प्रांतावर बसलेल्या दंडातून पाच लक्ष ताएल तेथील चिनी मुलांच्या विद्यापीठासाठी लावावे असे सुचविले व ते घडले. हाही विचार हलका म्हणता येत नाही. पण टेलर ह्यांचा नकार आमच्या मनात अधिक खोल जातो. ज्यांची लेकरे पुरली गेली त्यांनी रिकाम्या हाताने त्याच गावांत परत जाणे, हे सोपे नव्हे.

आमच्या मराठी मंडळीतूनही ह्या पापाविरुद्ध एक आवाज उठला होता, तो विसरला जाऊ नये. पुण्याच्या सुंदरबाई पवार ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन तेथील सभांतून अफूच्या व्यापाराविरुद्ध व्याख्याने दिली. अफू पिकविणाऱ्या देशातील एक ख्रिस्ती बाई, अफूवर कर घेणाऱ्या देशातील ख्रिस्ती लोकांस त्यांच्याच व्यासपीठावरून हे सांगत होती. १९०७ साली हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू दहा वर्षांत क्रमाने बंद करण्याचा करार झाला. परदेश्यांचे वेगळे न्यायाधिकार इंग्लंड व अमेरिका ह्यांनी १९४३ साली सोडले. हाँगकाँग १ जुलै १९९७ रोजी परत गेले. तहानंतर एकशे पंचावन्न वर्षांनी.

कोणी म्हणेल, असा चाळणीने विचार केला तर जगात काहीच घेता येणार नाही. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई ह्यांनी चीनच्या व्यापारात, अफूच्याही, अपार द्रव्य मिळविले आणि त्यातून मोठे इस्पितळ बांधविले. आमच्या खेड्यांतील किती तरी रोगी तेथे बरे होऊन आले. त्यांनी खाटेवर निजण्यापूर्वी पैशाचा उगम विचारावा काय? नाही. तापाने फणफणलेल्या मनुष्यास हा प्रश्न लागू नाही. त्याने काही मागितले नाही, त्याच्यासाठी कोणास नमविले नाही. पण मंडळी खाटेवर निजलेली नसते. ती कलम लिहिते वेळी लेखणीजवळ उभी असते, आणि पुष्कळदा हळूच सुचविते. फिलिप्पै येथे पौलाने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, असेही कोणी म्हणेल. केले खरे, फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांनी येऊन आपणांस मानाने सोडावे, एवढ्यासाठी. फिलिप्पैमध्ये त्याने जागा मागितली नाही.

हे आम्ही इतक्या आग्रहाने का लिहितो, ते आता सांगणे प्राप्त आहे. मंडळीची सेवा पत्करून आम्हांस तिसरे वर्ष होते. एका गावी पाण्याच्या पाळीवरून आमचे लोक व शेजारचे एक घर ह्यांत भांडण झाले. त्या घरच्या दोन तरुणांनी आमच्या एका बंधूचा हात मोडला. फिर्याद झाली. साक्षीदार पक्के होते. तरुणांस शिक्षा होणार हे दिसत होते. तेव्हा त्यांचा बाप, पांढऱ्या मिशांचा मनुष्य, आमच्याकडे समेटासाठी आला. आम्ही अटी लिहिल्या. त्यांनी चारचौघांत माफी मागावी, ही एक. औषधपाण्याचा खर्च द्यावा, ही दुसरी. ह्या दोन्ही रास्त होत्या. मग मंडळीतील एकाने आठवण दिली की, प्रार्थनामंदिराकडे जावयाची वाट ओढ्यास वळसा घालून जाते. ह्यांच्या बांधालगत आठ हात रुंदीचा पट्टा मिळाला तर गाडी सरळ दारात येईल. आम्ही क्षणभर थांबलो, आणि तिसरी अट लिहिली.

म्हातारा एवढेच म्हणाला, "लिहा साहेब, तुम्ही म्हणाल ते." आणि त्याने अंगठा उठविला.

पुढच्या रविवारी आम्ही उपासनेत प्रभूचे आभार मानले की, त्याने आपल्या मंदिराची वाट उघडली. लोकांनी मोठ्याने आमेन म्हटले. तो म्हातारा आता नाही. त्याचा धाकटा मुलगा शेत करतो. वाटेने जाताना दिसला तर तो रामराम घालतो, आम्हीही घालतो. पण इतक्या वर्षांत त्या आळीतील एकही मनुष्य आमच्या सभेस आला नाही, आणि आम्ही प्रार्थनेत त्यांची अंतःकरणे कठीण आहेत असे म्हणत आलो.

ही हकिकत आम्ही त्या वृद्ध बंधूंस गेल्या महिन्यात त्यांच्या ओट्यावर बसून सांगितली. ते बराच वेळ तंबाखूच्या डबीशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ती पेठ आपल्याकडेच आहे म्हणा की."

मंडळीच्या पंचांपुढे आम्ही गोष्ट ठेविली आहे. मते दोन आहेत. एक वडील म्हणतात, कागद पक्का आहे, सातबाऱ्यावर नोंद आहे, आता जुने उकरून काढण्यात अर्थ नाही. शिवाय त्या वाटेने आता शाळेची मुले जातात, त्यांत त्या घरचीही आहेत. हे म्हणणे खोटे नाही. दुसरे म्हणतात, जक्कयाने चौपट दिले, आपण निदान आजच्या भावाने किंमत तरी द्यावी, आणि किंमत घेणे न घेणे त्या घरावर सोडावे. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण मंडळीच्या पेटीत तेवढा पैसा नाही, आणि अट आम्ही लिहिली असता वर्गणी विधवांकडून मागावी हेही आमच्या मनास पटत नाही. त्यातला मोठा भाग आम्ही स्वतः भरावा असे ठरविले आहे.

पट्टा नक्की किती आहे हे कोणास नीट ठाऊक नसल्यामुळे मोजणीसाठी अर्ज केला आहे. मोजणीदार येईल त्या दिवशी बांधावर हजर राहावे म्हणून त्या मुलाच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. त्याने आम्हांस बसावयास घोंगडी टाकली, पाणी दिले. येतो असे तो म्हणाला नाही, आणि येत नाही असेही म्हणाला नाही.